स्वमग्न माणूस कशात मग्न असतो?



ऑटिझमला आपण मराठीत ‘स्वमग्नता’ म्हणतो. शब्द सुटसुटीत आहे, वर्तमानपत्रांतून रुळलाही आहे. पण त्यात एक ठपका दडलेला आहे. स्वमग्न म्हणजे स्वतःतच बुडालेला, इतरांची पर्वा नसलेला, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात सहज येतो. मूळ शब्दही तसाच. स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे ‘स्वतः’, यावरून तो घडवला, आणि तोही दुसऱ्याच एका आजाराच्या संदर्भात.

हा ठपका लहान मुलाला कळत नाही, मोठ्या माणसाला कळतो. आणि आता मोठ्यांचेही निदान होऊ लागले आहे. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेलेल्या बापाला तिथले प्रश्न ऐकता ऐकता स्वतःचेच बालपण आठवावे आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्याही नावाचा अहवाल तयार व्हावा, असे घडते. त्याला पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, हायसे वाटते. फक्त अहवालातली एक ओळ बोचते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदानपुस्तिकेत, एखाद्या विषयाची मर्यादित पण असाधारण तीव्र आवड, हे स्वमग्नतेचे एक लक्षण म्हणून दिले आहे. म्हणजे ज्या एका गोष्टीने जन्मभर आनंद दिला, तीच लक्षणांच्या यादीत! मग माझा आनंद हाच माझा दोष का? डॉक्टरांपाशी या प्रश्नाचे पुरते उत्तर नसते, कारण तो मुळात नीतीचा प्रश्न आहे.

समजा, हा गृहस्थ लोकलगाड्यांचा नादी आहे. विरारहून चर्चगेटला रोज जाणाऱ्या आपणा सर्वांना गाडी वेळेवर आली आणि दारात उभे राहायला जागा मिळाली म्हणजे पुरे. त्याला मात्र गाडीच्या आवाजावरून तिची बनावट कळते. पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी त्या वेळच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली, पश्चिम रेल्वेचा १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह जाऊन २०१२ मध्ये २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला, हे तो न विचारता सांगतो. लग्नाच्या पंगतीत सांगतो, मयताच्या घरीही सांगतो. बायको डोळे वटारते. लहानपणी त्याच्या वेळापत्रकांच्या वह्या आईने रद्दीत घातल्या होत्या, ‘हे खूळ पुरे’ म्हणून.

इथे आपल्या भाषेकडे जरा पाहा. छंद, नाद, वेड, खूळ, ध्यास, व्यसन, किती शब्द आहेत आपल्याकडे! सचिनची शंभर शतके तोंडपाठ असलेला माणूस ‘क्रिकेटचा दर्दी’ ठरतो. पहाटे उठून रियाज करणाऱ्याला गाण्याचा ध्यास असतो. आणि लोकलच्या मोटरी ओळखणाऱ्याला खूळ! आवड किती तीव्र आहे यावरून हे शब्द ठरत नाहीत; ती आवड आपल्या ओळखीची आहे की नाही, यावरून ठरतात. अनेक स्त्रियांचे निदान उशिरा होण्यामागे हेही एक कारण असते. मुलगी एखाद्या गायिकेत किंवा कादंबऱ्यांत पार बुडालेली असली तर त्यात कोणाला काही वेगळे दिसत नाही.

इंग्लंडमधले क्रिस पॅकम हे दूरचित्रवाणीवरील निसर्ग-कार्यक्रमांमुळे तिकडे घरोघरी माहीत आहेत. जन्म १९६१ चा, निदान २००५ चे. २०१६ साली त्यांनी आपल्या बालपणावर पुस्तक लिहिले आणि २०१७ मध्ये बीबीसीवर आपल्या स्वमग्नतेविषयी एक माहितीपट केला. शाळेत हा मुलगा एकटा असे, पोरे त्याला छळत. त्याचे सारे जग म्हणजे किडे, बेडकांची पिल्ले, पक्षी. किशोरवयात त्याने केस्ट्रेल जातीच्या छोट्या ससाण्याचे पिल्लू घरट्यातून आणून वाढवले. (तसे आणणे योग्य नव्हतेच.) काही महिन्यांतच ते मेले. ते दुःख पॅकम यांना प्रौढपणीही सुटले नाही.

त्या मुलाकडे पाहताना मला आपला मराठी शब्द खटकतो. त्याच्या त्या दिवसांत ‘स्व’ होता कुठे? तिथे एक पक्षी होता. स्वतःला विसरून दुसऱ्या जिवाकडे इतके लक्ष देणे आपल्यातल्या किती जणांना जमते? ज्याला आपण आत्मकेंद्री म्हणतो, तो पुष्कळदा आपल्यापेक्षा कमी आत्मकेंद्री असतो. त्याचे लक्ष आपल्याकडे नसते, एवढेच आपल्याला लागते.

२००५ साली डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन या तिघांनी याविषयी एक विचार मांडला. लॉसन स्वतः स्वमग्न आहेत. आपल्या वाडीतल्या पाण्याने तो समजून घेता येईल. लक्ष म्हणजे विहिरीचे पाणी. कोणाचे पाणी दहा वाफ्यांत थोडे थोडे खेळते. कोणाचे सगळेच्या सगळे एका पाटात जोराने जाते. त्या एका वाफ्यात जे पिकते ते पाहण्यासारखे असते, बाकीचे वाफे मात्र कोरडे राहतात. म्हणून तीन हाका मारूनही तो जेवायला उठत नाही. हाक ऐकून न ऐकल्यासारखे करणे आणि हाक पोहोचलीच नसणे, यांत नीतीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पाट एकदम फोडला की चिखल होतो; दहा मिनिटे आधी सांगून ठेवले तर पाणी वळवता येते.

मात्र म्हणून निदानाचा कागद दाखवला की सगळे माफ, असेही नाही. त्या बायकोने वीस वर्षे मोटरींचे पुराण ऐकले आहे. कान तिचेही आहेत, थकवा तिचाही आहे. घरखर्चाचे पैसे गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींत गेले, तर आवड कितीही निर्मळ असली तरी पैसे दोघांचे होते. फक्त तिने डोळे वटारून भागणार नाही, कारण वटारलेले डोळे त्याला वाचताच येत नाहीत. ‘आता मला झोप आली आहे, उरलेले उद्या सांगा’ असे साध्या शब्दांत, टोमणा न मारता सांगावे. असे स्पष्ट बोलणे त्याला बोचत नाही. पुष्कळदा सोयीचेच वाटते. त्यानेही आरंभी विचारावे, ‘सांगू का?’ आणि ‘नको’ हे उत्तर आले तर ते रेल्वेविषयी नाही, त्या क्षणाविषयी आहे, एवढे धरून चालावे.

एका युक्तिवादाशी मी सहमत नाही. असे छंद जोपासू द्या, यांतूनच शास्त्रज्ञ निघतात, पाहा ते पॅकम किती मोठे झाले, असे हल्ली सांगितले जाते. हेतू चांगला आहे. पण मग ज्याला बाटल्यांची झाकणे जमवायला आवडतात त्याचे काय? त्यातून ना नोकरी मिळणार, ना नाव. दिवसभर कचेरीत इतरांसारखे बोलण्याचा, हसण्याचा, नजरेला नजर देण्याचा प्रयत्न करून तो घरी येतो तेव्हा पार थकलेला असतो. त्या झाकणांपाशी त्याला कोणाची नक्कल करावी लागत नाही. आपण कोणी आपल्या विश्रांतीचा हिशेब देतो का? मग त्याच्याकडेच तो का मागावा?

सर्वांत अवघड स्थिती असते ती ज्यांची आवड फार लवकर मोडली गेली त्यांची. हसतील म्हणून दहाव्या वर्षीच वह्या लपवल्या, पुढे इतरांना जे आवडते तेच आपल्याला आवडते असे म्हणण्याची सवय लागली. पन्नाशीत निदान झाल्यावर घरची माणसे प्रेमाने विचारतात, ‘मग तुम्हांला खरोखर काय आवडते ते तरी सांगा.’ आणि त्यांना काहीच सांगता येत नाही. अशा वेळी घाई करू नये. एखाद्या संध्याकाळी ते फलाटाच्या टोकाला दोन-तीन गाड्या सोडून नुसतेच उभे राहिले आणि घरी यायला उशीर झाला, तर जेवण झाकून ठेवावे.