शून्य, पंच्याहत्तर, दोनशे बावीस

पृथ्वी शॉबद्दल हक्काने बोलायची सोय जळगाव-धुळ्याच्या क्रिकेटवेड्यांना २०२५च्या पावसाळ्यात झाली. तोवर तो मुंबईचा. आपले जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतात, त्यामुळे खानदेशी पोराने स्वप्न पाहायचं ते महाराष्ट्राच्या टोपीचं. मुंबईने ऑक्टोबर २०२४मध्ये शॉला रणजी संघातून वगळलं, पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात त्याच्यावर कुणी बोली लावली नाही, आणि मग ना-हरकत घेऊन तो आपल्याकडे आला. टपरीवरचा वाद घरचा झाला. 'पोऱ्या भारी शे, पन...' आणि त्या 'पन'पुढे दुसरा चहा.

त्याचा कैवारी २०१३च्या हॅरिस शील्डपासून सुरू करतो : शाळकरी पोराच्या एका डावात ५४६ धावा. मग २०१८, राजकोट, कसोटी पदार्पणात १३४. समोरचा फक्त 'ॲडलेड' म्हणतो. डिसेंबर २०२०. सामन्याचा दुसराच चेंडू, गोलंदाज स्टार्क. बॅट शरीरापासून लांब, पॅड आणि बॅटमध्ये फट, आतली कड घेऊन चेंडू यष्ट्यांवर. दुसऱ्या डावात कमिन्सनेही त्याच वाटेने त्रिफळा उडवला. ० आणि ४. त्यानंतर त्याला कसोटी मिळालेली नाही. गंमत अशी की दोनेक महिन्यांनी सुरू झालेल्या विजय हजारे स्पर्धेत त्याने आठ सामन्यांत ८२७ धावा केल्या.

मला हा वाद फसवा वाटतो, कारण दोन्ही बाजू एकाच फटक्याबद्दल बोलत असतात. उसळत्या चेंडूवर हात मोकळे सोडून तो कव्हरमधून जो चौकार मारतो, तो मोकळ्या हातांमुळेच बसतो; आणि चेंडू जरासा आत आला की फट पडते तीही त्याच हातांमुळे. हात शरीराजवळ आणून त्याला सावध करायचं, तर तो चौकारही जाणार. सातत्य आणा म्हणणारे नकळत त्याच्या जागी दुसराच फलंदाज मागत असतात. तंदुरुस्तीचं आणि शिस्तीचं बोलणं मात्र वेगळं. तिथे त्याची बाजू घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

महाराष्ट्राकडून पहिल्याच रणजी सामन्यात केरळविरुद्ध शून्य, दुसऱ्या डावात ७५, पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२. अख्खी कारकीर्द पंधरवड्यात मावली. रावेरचा शेतकरी केळीचे घड उतरल्यावर पीलबाग ठेवायची की खोडं काढायची हे बागेतून एक फेरी मारून ठरवतो. पण या तीन आकड्यांवरून शॉचं काय ठरवणार?

मला खरा रस आहे तो ठरवायला वेळ कुणाला मिळतो यात. जानेवारी २०२३मध्ये आसामविरुद्ध शॉने ३७९ केल्या. रणजीच्या इतिहासात त्याहून मोठा डाव एकच, भाऊसाहेब निंबाळकरांचा. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या विक्रमी ४५२ला नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. त्या कोल्हापूरकराला भारताने एकही अधिकृत कसोटी दिली नाही. निंबाळकर लहरी होते का, मोठ्या गोलंदाजीपुढे टिकले असते का, यावर वाद घालायला कुणाकडे काही सामग्रीच नाही. शॉला निदान पाच कसोट्या मिळाल्या.

लहरी ठरायलाही आधी बऱ्याच संधी मिळाव्या लागतात. धुळ्याहून पहाटेची एसटी पकडून निवड चाचणीला गेलेल्या पोराला नेटमध्ये मोजके चेंडू मिळतात. कीट बहुधा उसनं, पॅड एक आकडा मोठे, खेळपट्टी अनोळखी. पहिला चेंडू यष्टीमागे गेला तर दुसऱ्यावर तो आपोआप बचाव करतो, आणि लांब हातांचा तो कव्हर ड्राइव्ह त्याच्याकडे आहे हे टेबलावर बसलेल्यांना कळायचं राहून जातं. संध्याकाळी त्याच्या नावापुढे शेराही नसतो. त्याच्यात सातत्य नाही, असं कुणी म्हणत नाही. त्याच्याबद्दल कुणी काहीच म्हणत नाही.

तरी शॉला संघाबाहेर ठेवा, असं मी म्हणणार नाही. त्याला वगळलं तर ती जागा आपसूक शिरपूर-चोपड्याच्या पोराकडे येईल हा भाबडा हिशेब झाला. ती पुण्यातल्याच कुणाकडे जाईल. शॉला आणखी दोन हंगाम सलामीला खेळवावं, शून्यावर बाद झाला तरी पुढच्या सामन्यात नाव कायम ठेवावं. आणि जिल्ह्याच्या चाचणीत प्रत्येक मुलाला नेटऐवजी मैदानावर फलंदाजी द्यावी, सकाळी एकदा आणि जेवणानंतर पुन्हा एकदा. चाचणी दोन दिवस लांबेल, पोरांना मुक्काम करावा लागेल, आणि त्या मुक्कामाचा खर्च संघटनेने उचलावा.