बीजदोष, दैव आणि रोगाचे वय
आनुवंशिक रोग कर्मसिद्धांताला नेहमीच अडचणीचा ठरला आहे: दोष बापाच्या बीजातला, भोग मुलाचा. तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमला एकशे आठ शिवलिंगांचे रामलिंगस्वामी मंदिर आहे. खर-दूषणांच्या वधाचा दोष फिटावा म्हणून रामाने इथे लिंगपूजा केली, अशी स्थलकथा आहे. तिथे दोष ज्याचा, प्रायश्चित्तही त्याचेच. वंशातल्या रोगाला हा हिशेब लागू पडत नाही, म्हणून कर्मविपाकाचे ग्रंथ मागच्या जन्माकडे वळतात. चरकसंहिता मात्र मधुमेह्याच्या मुलाचा प्रमेह बीजदोषामुळे असाध्य, एवढेच सांगते. त्या जागी पापाचा उल्लेखही नाही.

संख्याशास्त्र विचारते ते वेगळेच: रोग कोणत्या वयात सुरू होईल? हंटिंग्टन रोगात सदोष जनुक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते आणि लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात. त्यामुळे वंशावळीत नुसते रोगी मोजून भागत नाही. चाळिशीत धडधाकट असलेल्याची निरोगी वर्षेही जमेस धरावी लागतात. समजा, साठीपर्यंत 80 टक्के वाहकांना, म्हणजे सदोष जनुक असलेल्यांना, रोग जडतो. मग साठीलाही ठणठणीत असलेला मुलगा वाहक असण्याची शक्यता निम्म्यावरून सहात एक इतकी उतरते, तीही कसल्याही अनुष्ठानाशिवाय.

वंशावळी फसवतातही. जिथे रोगी जास्त, तीच घराणी डॉक्टरांच्या नजरेस येतात. हा दोष काढण्याची रीत वाइनबर्गने 1912 मध्ये दिली. पिढीगणिक रोग लवकर येतो, हे जुने निरीक्षण पेनरोझने 1948 मध्ये अशाच निवडीचा भास ठरवले. पण 1992 मध्ये मायोटोनिक डिस्ट्रॉफीत जनुकातला पुनरावृत्त तुकडा पिढीगणिक वाढताना सापडला. भास वाटला तो निदान काही रोगांत खराच होता.

आयुष्य ठरलेलेच असते का, या अग्निवेशाच्या प्रश्नावर चरकसंहितेत त्याचे गुरू आत्रेय दैव आणि पुरुषकार (स्वतःचा प्रयत्न) दोन्हींचे बळ मानतात: गाडीचा आस नीट वापरला तर यथाकाळ झिजतो, ओझे जास्त झाले तर अवेळी मोडतो. हंटिंग्टनमध्येही जनुकात असेच पुनरावृत्त तुकडे असतात; त्यांची संख्या हे दैव म्हणावे, तर तेवढ्यावर वय ठरत नाही. मात्र उरलेला सगळा फरक पुरुषकाराच्या खात्यावरही टाकता येत नाही. 2015 मध्ये त्यातला काही 15 व्या गुणसूत्रावरच्या बदलांशी जोडला गेला. तरीही काही उरतेच. श्वेताश्वतर उपनिषद जगत्कारणाच्या चर्चेत यदृच्छेचे, म्हणजे योगायोगाचे, नाव घेते, पण ते बाजूला सारण्यासाठी. संख्याशास्त्रज्ञ तिला समीकरणात जागा देतो आणि तिचा पसारा किती, तेही मोजतो.