सहा पौंडांची रायफल

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात नोकरीला आहे. तिकडच्या सोबत्यांच्या नादाने तो शिकारीला जाऊ लागला. दोन वर्षांपूर्वी त्याने मला सहा पानी पत्र धाडले. ‘सर, एल्कसाठी हलकी, लांब पल्ल्याची रायफल घ्यायची आहे, कॅलिबर कोणते घ्यावे तेच ठरत नाही.’ बंदुकीचे माझे ज्ञान एन.सी.सी.तल्या पॉइंट टू-टूपलीकडे कधी गेले नाही. हा प्रश्न मला कशाला, असे प्रथम वाटले. पत्र दुसऱ्यांदा वाचले, तेव्हा पाचव्या पानावरच्या दोन ओळींवर नजर अडकली. आदल्या मोसमात पाचशे वीस यार्डांवरून त्याने एका एल्कवर बार काढला होता. जनावर जखमी होऊन देवदारांत शिरले, रात्री बर्फ पडले, रक्ताचा माग बुजला. त्यानंतर लगेच पुन्हा काडतुसांचा हिशेब सुरू!

दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय काढतो आहे, वाचकांनी क्षमा करावी.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा उत्तर अमेरिकेतला थोरला नातलग. पुऱ्या वाढीचा नर तीनशे किलोंच्या घरात जातो. राहतो रॉकी पर्वतात, आठ-दहा हजार फुटांवर, जिथे हवा विरळ आणि चढ छातीवर येणारे. दुर्बिणीसकट नऊ पौंडांची रायफल तिथे संध्याकाळपर्यंत मणाची होते. म्हणून हलकी हवी. पण निसर्ग उधारी ठेवत नाही. काडतूस तेच ठेवून नऊ पौंडांची रायफल सहा पौंडांवर आणली, की खांद्यावर बसणाऱ्या धक्क्याचा जोर दीडपट होतो. पुढे तर बार निघण्याआधीच माणसाचे अंग आक्रसते, डोळे मिटतात, नळी हलते. गुडघ्यांचे वाचवलेले ओझे असे नेमबाजीतून वसूल होते.

आणि कॅलिबरचा वाद? तो आपल्याकडच्या संगीतातल्या घराण्यांच्या वादासारखा आहे. १९०६ सालचे थर्टी-ऑट-सिक्स अजून चालते. १९२५ साली पॉइंट टू-सेव्हंटी आले. जॅक ओ’कॉनर या लेखकाने आयुष्यभर त्याची तरफदारी केली. एल्मर कीथचे म्हणणे उलटे: गोळी जाड हवी, जड हवी. १९६२ मध्ये सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम निघाले, २००७ मध्ये सौम्य धक्क्याचे सहा-पॉइंट-पाच क्रीडमूर, २०२२ मध्ये सात मिलिमीटर पी.आर.सी. काडतुसात दारू किती, गोळी किती जड, यांनी फरक पडतो, हे कबूल. पण पॉइंट टू-सेव्हंटी आणि सात मिलिमीटर यांच्या गोळ्यांच्या जाडीत अंतर आहे ते जेमतेम मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याचे! त्यावर किती शाई सांडली असेल, देव जाणे.

माझ्या विद्यार्थ्याची समजूत अशी, की त्याची गोळी बारीक होती म्हणून ते जनावर तडफडत गेले. मोठे मॅग्नम असते तर जागीच पडले असते. मला हे पटेना. एल्कच्या हृदय-फुप्फुसांची जागा जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी. पाचशे यार्डांवर आडवा वारा ताशी दहा मैलांचा असला, तरी चांगली गोळीसुद्धा फूटभराहून अधिक सरकते. त्यातून दरीतला वारा इथे एक, पलीकडे दुसरा. शिवाय तेवढे अंतर कापायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. बार काढला तेव्हा एल्क उभा होता हे खरे. गोळी पोहोचेपर्यंत तो उभा राहील, असे त्याने कुठे कबूल केले होते? पोटात बसलेली गोळी जाड असली म्हणून दयाळू होत नाही.

कोलोरॅडोचा कायदा एल्कसाठी किमान मर्यादा सांगतो: नळी पॉइंट टू-फोरहून बारीक नको, गोळी पंचाऐंशी ग्रेनहून हलकी नको. जास्तीत जास्त किती दुरून मारावे, ते ज्याच्या त्याच्यावर सोडलेले. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापलेला बून अँड क्रॉकेट क्लब म्हणतो, सावजाला निसटण्याची न्याय्य संधी हवी. मान्य. पण निसटण्याची संधी म्हणजे पोटात गोळी घेऊन निसटण्याची नव्हे!

हे मी त्याला कळवले. त्याचे उत्तर चोख होते. ‘सर, रानातले मरण तरी कुठे सुखाचे? २०२३ च्या डिसेंबरात इथे लांडगे पुन्हा सोडले आहेत. ते जिवंतपणीच लचके तोडतात. मी निदान वर्षभर ते मांस खातो. आणि १९३७ च्या कायद्याने रायफलीवर, काडतुसांवर जो कर मी भरतो, तो वन्यप्राण्यांच्या रक्षणासाठीच जातो.’ यातले एकही वाक्य खोटे नाही. रविवारी खाटकाच्या दुकानापुढे पिशवी घेऊन उभ्या राहणाऱ्या मास्तराने शिकाऱ्याला अहिंसा शिकवू नये, एवढे मलाही कळते. मी एवढेच लिहिले : ‘अरे, लांडग्याला कॅलिबर निवडता येत नाही. तुला येते. तू तुझ्या गुडघ्यांसाठी हलकी रायफल निवडलीस, लांब पल्ल्याची निवडलीस ती चालण्याचा कंटाळा म्हणून. ही सवलत तू घेतलीस. तिची किंमत त्या रात्री बर्फात कोणी चुकवली?’

पत्र टाकल्यावर वाटले, फार कठोर झालो. दोन महिने उत्तर आले नाही.

मग नोव्हेंबरात आले. त्याने रायफल हलकीच घेतली होती, पण काडतूस सौम्य, सेव्हन-एमएम-ऑट-एट. तीनशे यार्डांपलीकडे बार काढायचा नाही, असे ठरवून उन्हाळाभर सराव केला होता. चौथ्या दिवशी साडेचारशे यार्डांवर एक नर दिसला, भरदार शिंगांचा, अगदी आडवा उभा. हा ओढ्याच्या आडोशाने पोटावर सरपटत निघाला. तासाभरात शंभरएक यार्ड तोडले असतील, तोच वारा फिरला. एल्कने मान वर केली आणि तो चालत, घाईसुद्धा न करता, झाडीत गेला.

‘सर, घरी येताना दुकानातून कोंबडी आणली. रायफलीचे पैसे मात्र सोबत्यांच्या लेखी वाया गेले.’