सैल सोडण्याची वेळ

कवठे महांकाळ तालुक्यात आणि आसपासच्या दुष्काळी पट्ट्यात घोडा आज मुख्यतः तीन कामांसाठी पाळला जातो: धनगरांच्या वाड्याचा संसार वाहण्यासाठी, लग्ना-मिरवणुकीत नाचवण्यासाठी आणि शर्यतीच्या गाडीला जुंपण्यासाठी. चौथे कारण अलीकडचे आहे. म्हैसाळ योजनेचे पाणी आले, द्राक्ष-बेदाण्याचा पैसा आला, तशी दारात एखादा मारवाडी घोडा असावा ही हौसही आली. चौघांचे दैव वेगवेगळे असले तरी त्यांना शिकवण्यामागचा समज बहुधा एकच असतो. शिंगराची रग आधी जिरवायची, मालक कोण हे त्याला एकदा कळले की पुढचे सगळे आपोआप होते. या समजाविरुद्ध गेल्या पन्नासएक वर्षांत अमेरिकेच्या पश्चिम भागातून एक विचार जगभर गेला. टॉम आणि बिल डॉरन्स हे भाऊ आणि त्यांच्या वाटेने गेलेला रे हंट यांनी तो गुराख्यांच्या कुरणांवर घडवला. मॉन्टी रॉबर्ट्स आणि पॅट परेली यांनी तो शिबिरे आणि पुस्तके काढून विकला. ‘नॅचरल हॉर्समनशिप’ हे त्याचे बाजारातले नाव. त्यावरची वेष्टणे बाजूला केली की आत एक साधे आणि तपासता येण्याजोगे तत्त्व उरते: घोडा दोर ओढल्याने शिकत नाही, ओढलेला दोर ज्या क्षणी सैल होतो त्या क्षणी शिकतो. हे तत्त्व खरे असेल तर आपल्याकडच्या घोड्यांच्या बहुतेक खोडी या माणसाच्या हाताच्या खोडी ठरतात. ते खरे आहे, असे मला वाटते.

घोडा हा भक्ष्य प्राणी आहे, या एका गोष्टीतून त्याचे जवळजवळ सगळे वागणे उलगडते. डोळे कपाळाच्या दोन बाजूंना असल्याने त्याला स्वतःभोवतीचे जवळजवळ सगळे दिसते. थेट नाकासमोरचा आणि शेपटीमागचा चिंचोळा पट्टा तेवढा दिसत नाही. म्हणून मागून आलेल्या माणसाला तो लाथ मारतो आणि समोरून कपाळावर हात टाकणाऱ्याला मान झटकून चुकवतो. त्यात दुष्टपणा काही नसतो. अंगावर माशी बसली तरी तेवढ्याच जागेची कातडी थरथरवणाऱ्या या प्राण्याला टाचेचा हलका स्पर्शही कळतो. तो कळत नसल्यासारखे वागत असेल, तर त्या स्पर्शाला काही अर्थ उरलेला नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. अर्थ कसा उरतो आणि कसा जातो, हे दावणीजवळ रोज पाहायला मिळते. मोहरकीचा दोर धरून शिंगराला पुढे चालवायचे आहे. दोर ताणला, शिंगरू अडले, मग एक पाऊल पुढे आले. त्याच क्षणी दोर सैल झाला, तर पुढे आल्याने त्रास थांबतो हे त्याला कळते आणि दोनचार वेळांतच नुसत्या इशाऱ्यावर ते पाऊल टाकू लागते. दोर तसाच ताणलेला राहिला, तर पुढे येऊनही काही फरक पडत नाही हेच ते शिकते. आणि ते अडून मागे रेटत असताना धरणाऱ्याचा हात थकून दोर सुटला, तर अडल्याने सुटका होते हा धडा पक्का होतो. अडेल घोडा असा तयार होतो. त्याला अडायला आपणच शिकवलेले असते, आणि मग त्याच अडेलपणाचा इलाज म्हणून चाबूक येतो.

इथे या पद्धतीच्या भाविकांना आवडणार नाही अशी एक गोष्ट सांगायला हवी. मॉन्टी रॉबर्ट्सच्या प्रसिद्ध प्रयोगात घोड्याला गोल कुंपणात मोकळे सोडून पळवले जाते. तो थकून कान वळवू लागला, तोंड चघळू लागला की माणूस पाठ फिरवतो आणि घोडा त्याच्यामागे चालत येतो. पाहणाऱ्यांचे डोळे भरून येतात. घोड्याने माणसाला कळपाचा म्होरक्या मानले, असा त्याचा अर्थ लावला जातो. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली हेच माणसाऐवजी रिमोटवर चालणारी छोटी गाडी वापरून करून पाहिले. गाडी मागे लागली की घोडे पळत, गाडी थांबली की तिच्याकडे वळत. शेवटी ते त्या गाडीच्याही मागे जाऊ लागले. खेळण्यातल्या गाडीला कोणी म्होरक्या मानत नाही. घोडा शिकतो ते एवढेच की हिच्याकडे वळले की पाठलाग थांबतो. त्यामुळे प्रेमाची, विश्वासाची, कळपाच्या भाषेची जी वर्णने केली जातात त्यांतली बरीच आपल्या समाधानासाठी असतात. तरी या प्रयोगाने मूळ तत्त्व पडत नाही. उलट त्याला आधारच मिळतो, कारण दाब कधी थांबला हेच दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरले.

मग याला भागीदारी का म्हणायचे? नुसती यांत्रिक सवय का म्हणू नये? कारण दुसऱ्या बाजूचे पुरावेही तितकेच ठोस आहेत. बर्लिनचा हान्स हा घोडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुराने टकटक करून गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ साली दाखवून दिले की त्याला गणित येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याचे डोके बरोबर उत्तरापाशी नकळत किंचित हलते, तेवढ्यावरून हान्स थांबतो. मानसशास्त्रात ही फसवणुकीची गोष्ट म्हणून शिकवतात. घोड्याच्या बाजूने पाहिले तर ती विलक्षण वाचनाची गोष्ट आहे: माणसाला स्वतःलाही न कळलेली हालचाल घोड्याला कळत होती. २००९ साली स्वीडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात घोडा धरणाऱ्यांना आणि स्वारांना सांगितले होते की पुढच्या फेरीत घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबत घोड्यांचेही. मोगलांच्या घोड्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही दंतकथा आपण शाळेपासून ऐकत आलो. दंतकथाच ती, पण घोड्याला पाण्यात काय दिसले यापेक्षा पाठीवरच्या स्वाराच्या मनात काय होते असा प्रश्न केला, तर तिच्यात चांगले निरीक्षण दडलेले असावे.

म्हणजे घोडा माणसाला सतत वाचत असतो. प्रश्न असतो तो माणूस घोड्याला वाचतो का हा, आणि भागीदारी ठरते ती तिथे. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ साली तेवीस घोड्यांना फळ्यांवरची तीन चिन्हे शिकवली: अंगावर झूल घाला, झूल काढा, आहे तसे राहू द्या. दोन आठवड्यांत सगळे घोडे हवे ते चिन्ह नाकाने दाखवू लागले आणि थंडी-पाऊस पाहून त्यांची निवड बदलू लागली. आपल्या माळावर झूल घालायची गरज नाही, चिन्हांच्या फळ्यांचीही नाही. पण विचारणारा कोणी असेल तर सांगण्याजोगे घोड्याकडे काही असते, हे यातून सिद्ध झाले. कान मागे टाकणे, शेपूट झटकणे, पोटपट्टा आवळताना मान वळवून चावायला येणे, ही त्याची सांगण्याची नेहमीची साधने आहेत. आपण त्यांना खोड म्हणतो आणि खोड मोडायला निघतो.

हे सगळे परदेशातून आणायचे ज्ञान आहे का? तालुक्यातच आरेवाडीला बिरोबाचे बन आहे. धनगर समाजाचे ते मोठे श्रद्धास्थान. पावसाळा सरल्यावर मेंढ्या घेऊन बाहेर पडणाऱ्या वाड्यांतली घोडी पाहिली तर वेगळे चित्र दिसते. पुरुष मेंढ्यांमागे जातात. बिऱ्हाड लादणे, तळ हलवणे आणि घोडी सांभाळणे हे बहुधा बायांचे काम असते. पाठीवर भांडीकुंडी, वाकळा, वर बांधलेली कोंबडी, कधी नुकते जन्मलेले कोकरू, आणि रत्नागिरी-नागपूर महामार्गावर शेजारून जाणारे ट्रक. हे तट्टू उधळले तर संसारच रस्त्यावर. या घोड्यांना बहुतेक वेळा साध्या दोरावर चालवले जाते. त्यांना कोणी कुंपणात पळवून म्होरकेपण शिकवलेले नसते. ती लहानपणापासून वाड्यात, माणसांच्या आणि मेंढ्यांच्या पायांत वाढलेली असतात. ओझे आणि आवाज त्यांच्या आयुष्यात एकदम न येता थोडेथोडे आलेले असतात. याच तट्टांच्या भीमथडी जातीला २०२४च्या सुरुवातीला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. उंचीने आणि नखऱ्याने मारवाडीपुढे ती कमी पडतील, स्वभावाने पडणार नाहीत. आषाढीच्या वारीतही असाच पुरावा दरवर्षी मिळतो. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून माउलींच्या पालखीसोबत दोन अश्व येतात, एक स्वाराचा आणि एक माउलींचा, ज्यावर कोणी बसत नाही. सातारा जिल्ह्यात तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण होते. टाळ-मृदंगाचा गजर आणि दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, अशा वाटेतून तो रिकामा अश्व दौडत जातो. ज्याच्या मनात भीती कोंडलेली आहे असा घोडा ते करू शकणार नाही, लगाम कितीही काटेरी असला तरी.

याचा अर्थ आपल्या परंपरेत सगळे चांगलेच होते असा नाही. काटेरी लगामही परंपरेतच होता. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेल्या नियमांत टोकदार, काटेरी साधनांना मनाई आहे. साठ वर्षे झाली तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात ते लगाम सापडतात. तरी परंपरेत दुसरा धागाही होता. शिवकालीन पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्यांसाठी एक पाणक्या व एक नालबंद अशी व्यवस्था सभासदाच्या बखरीत सांगितली आहे. घोड्याचे पाणी आणि खूर यांसाठी स्वतंत्र माणूस नेमणारी ही फौज गरीब मुलखात उभी राहिली होती. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास न देण्याबद्दलचा त्यातला ताकीदवजा भाग सर्वांना पाठ असतो. पण त्याच पत्रात दाणावैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे बजावले आहे. घोड्याच्या उपासमारीचा दोष माणसाच्या नियोजनावर टाकणारी ही दृष्टी, घोड्याच्या अडेलपणाचा दोष माणसाच्या हातावर टाकणाऱ्या दृष्टीपासून फार लांब नाही.

पहिला आक्षेप वेळेचा येईल. भाड्याने घोडा नाचवून पोट भरणाऱ्याला महिनोन् महिने दोर सैल सोडत बसणे परवडत नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण क्षणावर दाब सोडायला जास्त वेळ लागत नाही, जास्त लक्ष लागते; आणि भीतीने शिकलेला घोडा पुन्हा पुन्हा शिकवावा लागतो, हा खर्च कोणी मोजत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक झेनोफनने घोडेस्वारीवरच्या आपल्या पुस्तकात रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये असे सांगितले. जबरदस्तीने घोड्याकडून जे करवून घेतले जाते ते चाबकाने नाचवलेल्या नर्तकाइतकेच कुरूप असते, असा त्याचा आशय होता. आपल्या मिरवणुकीत हलगीच्या ठेक्यावर, डोळ्यांचे पांढरे दाखवत, पुढचे पाय उचलणारा घोडा पाहिला की तो आशय वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा आक्षेप प्राणिमित्रांचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. दाब सैल सोडला काय आणि आवळला काय, शेवटी दाबच. ही सफाईदार जबरदस्ती आहे, तिला भागीदारी म्हणणे ढोंग आहे. यातले अर्धे मला मान्य आहे. घोड्याने हे काम मागितलेले नाही. म्हणूनच पद्धत सौम्य असणे पुरेसे नाही; काम कसले आहे हेही पाहावे लागते. रात्री अकराला फटाक्यांच्या धुरात डीजेच्या भिंतीसमोर उभे राहणे कोणत्याही पद्धतीने घोड्याला सुसह्य होणार नाही, आणि तिथे चांगला शिक्षक आणणे म्हणजे चुकीच्या कामाला चांगले हात लावणे. शर्यतींबद्दलही तेच. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींच्या कायद्याला मान्यता दिली, तेव्हाची सगळी चर्चा बैलाभोवती झाली. सांगली-कोल्हापूरच्या सीमाभागात गाडीला जुंपला जाणारा घोडा त्या चर्चेच्या कडेलाच राहिला. पण सरसकट बंदीने प्रश्न सुटत नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या; अशा वेळी कामावरून सुटलेल्या घोड्याला कोण दाणा घालणार हा प्रश्न उरतोच. धनगराच्या तट्टाचे काम आहे म्हणून ते तट्टू आहे.

तेव्हा काही बदलायचे असेल तर जिथे घोड्याची किंमत ठरते तिथून सुरुवात करणे बरे. अकलूजच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, उंची मोजते, भोवरे तपासते, देवमण शोधते, पंचकल्याणी असेल तर चार पैसे वाढवून देते. विकणाराही त्याला नाचवून, दोन पायांवर उभा करून दाखवतो. लगाम काढून फक्त मोहरकीच्या सैल दोरावर याला बाजारातून एक फेरी चालवून दाखव, गर्दीत उभा कर, चारही खूर हातात घेऊन दाखव, असे कोणी म्हणत नाही. ही चाचणी काही मिनिटांची आहे, तिला ना परदेशी शिबिर लागते ना शासकीय निर्णय. बाजार समिती ती स्पर्धा म्हणून सुरू करू शकते. आरेवाडीच्या यात्रेतही ती होऊ शकते. तिथल्या बाया आपली तट्टे घेऊन उतरल्या, तर मारवाडीवाल्या हौशी बागायतदारांना पहिल्या वर्षी बक्षीस मिळणे अवघड आहे.