एकासाठी पाच

एका माणसाला वाचवण्यासाठी पाच माणसांचे जीव धोक्यात घालावेत काय? नुसता हिशेब केला तर उत्तर सरळ आहे : नाही. रिडली स्कॉट यांच्या 'द मार्शियन' (२०१५) या चित्रपटाने हे सरळ उत्तर आमच्यासाठी अवघड करून ठेवले.

मंगळावरच्या वादळात मार्क वॉटनी मेला असे समजून त्याचे सोबती निघून जातात. तो जिवंत असतो. मॅट डेमनने हा एकटा माणूस असा रंगवला आहे की समोर दुसरे कोणी नाही हे जाणवतही नाही. तो रडत बसत नाही, बटाटे मोजतो. मैल्याचे खत करतो, इंधनापासून पाणी बनवतो. तवक्कुल म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असे मानणाऱ्या आपल्यातल्या मंडळींनी ही तदबीर जरूर पाहावी. (ते लाल वाळवंट प्रत्यक्षात जॉर्डनमधल्या वादी रमचे आहे.)

खरा पेच मात्र पृथ्वीवर आहे. त्याच्यासाठी अन्न घेऊन निघालेले रॉकेट फुटते. चीन आपले रॉकेट देऊ करतो. त्यातून पुन्हा अन्न पाठवायचे, की परतीच्या वाटेवरच्या पाच सोबत्यांना रसद देऊन मंगळाकडे वळवायचे? नासाचा प्रमुख त्या पाचांना न विचारताच पहिली वाट निवडतो. तो दुष्ट नाही. त्याला पाच जिवांचा जाब द्यायचा आहे. पण उड्डाणप्रमुख दुसऱ्या वाटेचे गणित गुपचूप यानावर धाडतो. यानाची कमांडर लुईस हुकूम सोडत नाही. सर्वांचा होकार असेल तरच जायचे, असे ती म्हणते. सगळे हो म्हणतात.

एक जीव वाचवण्याचे मोल सूरह माइदामध्ये (५:३२) सांगितले आहे, ते आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पण ते मोल दुसऱ्याच्या पदरचे द्यायचे काय? प्रमुखासाठी पाच हा आकडा होता, यानात ती पाच माणसांची नियत झाली. आमच्या मते फरक इथेच पडतो. तरी एक सल राहते. घरी वाट पाहणाऱ्या बायकामुलांना कोणी विचारले? त्यांच्यावरून चित्रपट घाईने पुढे जातो.

प्रमुखाने त्या उड्डाणप्रमुखाला, मोहीम संपली की राजीनामा द्यावा लागेल, असे बजावले. त्याने ते मुकाट्याने मान्य केले. आम्हांला दोघांचेही वागणे रास्त वाटते.