न वटलेला विचार

बँकेच्या दाराशी बंदूकवाला वॉचमन बसवण्यामागे एक साधा समज आहे : चोर बाहेरून येतो. मनाची गोष्ट उलटी. तिथे चोर आतच राहायला असतो, त्याचं खातंही तिथेच असतं आणि पुष्कळदा वॉचमन म्हणून त्यालाच नेमलेलं असतं. म्हणून तर समर्थांनी दुसऱ्या कुणाला न सांगता थेट मनालाच श्लोक सांगितले. ख्रिस्ती धर्माने हा पहारा आणखी कडक केला. येशूने डोंगरावर जे प्रवचन दिलं, त्यात खुनाच्या जोडीला भावावरचा रागही हिशेबात धरला, आणि परस्त्रीकडे वाईट नजरेने पाहिलं की मनातला व्यभिचार झालाच, असं बजावलं. आपल्या सरकारी कायद्यात मनातल्या गुन्ह्याला शिक्षा नाही, हे बरंच आहे. नाहीतर बारामती-इंदापूर एसटी रोज कंडक्टरसकट येरवड्याला न्यावी लागली असती!

लासुर्ण्याच्या आमच्या शाखेतले हेडकॅशियर मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सगळी शाखा यांना ‘मास्तर’ म्हणते. त्यांच्या घरी पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं बायबल आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या केडगावला बसून बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून ते साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. काम हातावेगळं केलं आणि १९२२ साली त्या गेल्या. मास्तरांचा दिवस त्या बायबलाने सुरू होतो.

गेल्या पावसाळ्यात मास्तरांचा धाकटा भाऊ इस्पितळात दाखल झाला. दोघांमध्ये वडिलोपार्जित जमिनीवरून कोर्टकचेरी आणि अबोला. तीन दिवस मास्तर गप्प होते. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच म्हणाले, “अहो, फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ठाऊक आहे? बरं झालं, आता दावा मिटेल! म्हणजे मी भावाला मारलंच की.”

लाखांची रोकड न डगमगता सांभाळणारा माणूस एका विचारापायी पार खचला होता. मी म्हटलं, “मास्तर, चेक काउंटरवर आला म्हणजे वटला का?”

हे मी निव्वळ बी.कॉम.च्या जोरावर बोललो. पण मास्तरांनी हीच शंका त्यांच्या पाळकांपुढे ठेवली, तेव्हा कळलं की हा हिशेब फार जुना आहे. संत ऑगस्टीनने इसवी सन ३९४च्या सुमारास त्याच डोंगरावरच्या प्रवचनावर लिहिताना पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : आधी विचार सुचतो, मग त्याची गोडी लागते, आणि शेवटी मन रुकार देतं. म्हणजे चेक आला, क्लार्कने नोंदला, साहेबांनी मंजूर केला! शेवटच्या मंजुरीशिवाय पैसा हलत नाही. सोळाशे वर्षांपूर्वी ही कामं वेगवेगळी ठेवणारा माणूस आमच्या इन्स्पेक्शन खात्यात शोभला असता. सुचण्यावर कुणाचाच इलाज नाही. धोका आहे तो मधल्या पायरीवर. रागाचा चेक परतही करायचा नाही, वटवायचाही नाही, नुसता टेबलावर ठेवून रोज त्यावरचा आकडा वाचत बसायचं!

“बरं, परत पाठवला,” मास्तर म्हणाले, “पण उद्या तो पुन्हा येणारच ना?”

हे मात्र खरं होतं. येशूच्याच तोंडी एक गोष्ट आहे. घरातून हाकललेलं भूत फिरून परत येतं. बघतं तर घर झाडलेलं, नीटनेटकं, पण रिकामं! मग ते आपल्याहून वाईट सात सोबती घेऊन तिथेच बिऱ्हाड करतं. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. उसाची लागण कोवळी असते तोवर खुरपणीला उसंत नसते. एकदा ऊस वाढून सरी झाकली गेली, की खाली ऊन पोचत नाही आणि तणाचा जोर आपोआप ओसरतो. नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, की हाच शेतकरी रात्री-अपरात्री दारं धरतो. ते पाणी अडवायला नव्हे, हव्या त्या सरीत वळवायला. बायबलातल्या नीतिसूत्रांतही मनाला जपायचं कारण दिलंय ते असं, की जीवनाचे झरे तिथून निघतात. मनाला तिजोरी म्हटलेलं नाही. तिजोरीला कुलूप घालता येतं. झऱ्याची दारंच धरावी लागतात.

त्या रविवारी उपासना आटोपून मास्तर पेजेचा डबा घेऊन इस्पितळात गेले. मग भावाला घरी सोडेपर्यंत रोज गेले. तो विचार पुन्हा येतो का, असं मी एकदा विचारलं.

“येतो की,” ते म्हणाले, “पण नेमकी तेव्हाच पेज उतू जात असते.”

जमिनीचा दावा अजून चालू आहे. तारखेला दोघे भाऊ एकाच एसटीने कोर्टात जातात, आणि तिकीट कुणी काढायचं यावरून वाटभर भांडतात.