हेमंतातील सुख : प्रेय की श्रेय?

मार्गशीर्ष लागला की आमच्या खानदेशाचे रूप पालटते. उन्हाळ्यात ज्या जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तोच थंडीत १० अंशांच्या खाली उतरतो. असोद्याच्या बाजूच्या मळ्यांतून भरताची हिरवी, जाडजूड वांगी निघू लागतात. शनिवार-रविवारची सुटी साधून पुण्या-मुंबईला नोकरीस असलेली मुले गावी येतात. मग कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, लाकडी बडगीत भरीत ठेचले जाते, कळण्याची भाकरी तव्यावर पडते. जेवणानंतर कोणी शेकोटीशी बसतो, कोणी गोधडीत शिरून पुस्तक उघडतो. त्या घटकेला जीवाला जो निवांतपणा वाटतो, त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. प्रश्न असा की, हे लहानसहान सुख परमार्थाला बाधक आहे की साधक?

कोणी म्हणेल, "बुवा, भरताचा आणि परमार्थाचा काय संबंध? पोटभर खावे आणि हरिनाम घ्यावे." पण प्रश्न इतका सोपा नाही. मी पुष्कळ भाविक माणसे पाहिली, जी चांगला घास खाताना मनात चोरट्यासारखी होतात. आणि पुष्कळ अशीही पाहिली की, ज्यांना ताटापलीकडचे काहीच दिसत नाही. पहिल्याला सुखाची लाज वाटते, दुसऱ्याला कशाचीच वाटत नाही. दोघांचाही विचार झाला पाहिजे.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. कठोपनिषदात यमधर्माने नचिकेत्याला दोन वाटा सांगितल्या आहेत. एक श्रेय, म्हणजे हिताची. दुसरी प्रेय, म्हणजे आवडीची. शहाणा श्रेय निवडतो, मंदबुद्धी प्रेयाच्या मागे धावतो. आता ऊबदार गोधडी, गरम भाकरी, हाती आवडीचे पुस्तक, ही सगळी प्रेयाचीच यादी नव्हे काय? पहाटे काकड्याला उठायचे सोडून गोधडी डोक्यावर ओढणारा माणूस तर प्रेयाचे मूर्तिमंत उदाहरण! असा हा आक्षेप आहे, आणि तो हसून उडवून देण्याजोगा नाही.

आता उत्तर पाहू. प्रथम शरीराचा धर्म. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयात हेमंत ऋतूची चर्या सांगितली आहे. बाहेरच्या थंडीने शरीरातील उष्णता आत कोंडली जाते, त्यामुळे जठराग्नी प्रबळ होतो. त्याला इंधन दिले नाही तर तो शरीरातील धातूच जाळू लागतो. रात्री मोठ्या असल्यामुळे सकाळीच भूक लागते. म्हणून या दिवसांत स्निग्ध आणि पोटभर अन्न घ्यावे, अंगाला तेल लावावे, ऊन घ्यावे असे त्यांचे सांगणे आहे. आमच्या घरांतील धुंधुरमास याहून वेगळा काय आहे? सूर्य धनु राशीत असतो, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. त्या दिवसांत सूर्योदयालाच देवाला मुगाच्या खिचडीचा नैवेद्य दाखवायचा, बाजरीची भाकरी आणि लोणी खायचे. पुढे भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. म्हणजे थंडीतले खाणे आमच्या धर्माने चोरून खायला लावले नाही. त्याला तिथी दिली, वेळ दिली, देवापुढे ठेवले आणि मग ताटात वाढले.

वांग्याचेच पाहा. चातुर्मासात पुष्कळ घरांत वांगे वर्ज्य असते. आषाढी एकादशीपासून सोडलेले वांगे चंपाषष्ठीला, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडग्याच्या रूपाने परत येते. चार-पाच महिने ज्याने ते सोडले, त्याच्या जिभेला त्या दिवशीच्या भरताची गोडी विचारा! बारमाही मिळणारा पदार्थ जीभ विसरून जाते. जे सोडता येते, त्याचेच सुख निर्मळपणे घेता येते. जे सोडता येत नाही, ते माणूस भोगीत नाही, तेच माणसाला भोगते. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी हेच सांगितले आहे की, अति खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. अति झोपणाऱ्याला नाही आणि सदा जागणाऱ्यालाही नाही.

विश्रांतीचेही तसेच. पंढरपुरात यात्रेच्या काळात काय होते ते वारकऱ्यांना सांगावयास नको. आषाढीला आणि कार्तिकीला देवाचा पलंग काढतात. देव रात्रंदिवस भक्तांसाठी उभा राहतो. पाठीशी फक्त लोड. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला शिणवटा घालवणारा काढा देतात, पलंग पुन्हा शेजघरात येतो. थंडीत त्याच देवाला ऊबदार वस्त्रे आणि कानपट्टी बांधतात. ज्याला थंडी नाही त्याला आपण कानपट्टी का बांधतो? आपल्याला जे हवेसे वाटते ते आधी त्याला द्यावे, एवढाच त्याचा भाव. पण क्रम लक्षात घ्या. आधी उभे राहणे, मग पलंग. आधी दारी आलेल्या शेवटच्या यात्रेकरूचे दर्शन, मग काढा. श्रमाच्या मागून आलेली विश्रांती ही विश्रांती. श्रमावाचून आलेली ती सुस्ती.

इथवर बहुतेकांना पटेल. खरा पेच यापुढे आहे.

ज्या कठोपनिषदाच्या आधाराने आपण सुखाला नावे ठेवली, त्याची सुरुवात कशाने होते ते पाहा. नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री अन्नावाचून राहिला. यम घरी आला तेव्हा त्याला धडकी भरली. अतिथी उपाशी राहिला तर घरधन्याचे सगळे पुण्य जाते, या भयाने त्याने त्या पोराला वंदन केले आणि तीन रात्रींचे तीन वर दिले. श्रेय-प्रेयाचा सारा उपदेश पुढे, या वरांच्या ओघात येतो. म्हणजे काय झाले? आत्मविद्येचे दार एका मुलाच्या उपाशी पोटाच्या चिंतेने उघडले! पुढे हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य हे सगळे नचिकेत्याने नाकारले, कारण ते त्याला प्रश्न सोडून देण्याची किंमत म्हणून देऊ केले होते. पण अतिथीला पाणी द्यावे, अन्न द्यावे, याला त्या उपनिषदाने प्रेय म्हटले नाही.

यावरून मला असे वाटते की, प्रेय आणि श्रेय ही दोन वेगळ्या वस्तूंची नावे नव्हेत. भाकरी एकच. ती माझ्या भुकेपुरती ओढून घेतली की प्रेय. दुसऱ्याच्या भुकेची आठवण ठेवून खाल्ली की श्रेय. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दानाचे एक सूक्त आहे. एकटा खाणारा एकटाच पापाचा धनी होतो, असा त्याचा आशय आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही, केवळ स्वतःसाठी शिजवणारे पापच खातात, असे स्पष्ट सांगितले आहे.

आता मंडळी म्हणतील, "बुवा, आम्ही एकटे कुठे खातो? भरताला दहा माणसे बोलावतो." ठीक आहे. पण ऐका. एका सप्ताहात कीर्तन झाल्यावर एक नोकरदार मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "महाराज, मी थंडीत दोन दिवस घरी येतो. आईच्या हातचे खातो, झोपतो, पुस्तक वाचतो. यात काही पाप आहे का?" मी म्हटले, "भाऊ, पाप कसले? सुखाने ये. एवढेच सांग, त्या दोन दिवसांत तुझी आई किती वेळ बसली?" मुलगा विचारात पडला. थोड्या वेळाने म्हणाला, "ती तर मी असलो की जास्तच उभी असते." मी म्हटले, "मग प्रश्न तिथे आहे, भरतात नाही."

सज्जनहो, सुटी ही वस्तू फुकट आलेली नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. कष्टकऱ्याला देवाला जायला आणि पाठ टेकायला तो मिळाला. पुढे २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला. गिरणीला रविवार मिळाला, कचेरीला शनिवारही मिळाला. चुलीला काय मिळाले? सुटीच्या दिवशी तर ती दुप्पट पेटते. आपण गोधडीत असतो तेव्हा दहिवरात कापूस वेचायला गेलेल्या बाया असतात. शेतीपंपाला रात्रीची वीज असली तर हरभऱ्याला पाणी भरणारा गडी गार पाण्यात उभा असतो. आपली ऊब कोणाच्या तरी गारठ्यातून येते, हे विसरून जो सुख घेतो, त्याचे सुख अपुरे आहे.

याच असोद्यात १८८० साली महाजनांच्या घरी बहिणाबाई जन्मल्या आणि लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांकडे गेल्या. संत बहिणाबाई वेगळ्या. या कवयित्री बहिणाबाई चौधरी. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरुणपणीच वैधव्य आले. घरची आणि शेतातली कामे करता करता त्यांच्या तोंडून गाणी निघत. जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात, त्या घरोटावरही त्यांचे गाणे आहे. चिरंजीव सोपानदेवांनी आणि आप्तांनी ती टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला, अशाच थंडीत, बाई गेल्या. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आज त्यांचे नाव जळगावच्या विद्यापीठाला आहे. थंडीच्या दुपारी ओसरीवर ऊन खात आपण ते पुस्तक वाचतो आणि आनंदतो, आनंदावेच. पण ते पुस्तक निवांत बसलेल्या बाईचे नाही, हे ध्यानात असू द्यावे. दळण संपायच्या आत सुचलेली ती गाणी आहेत. आपल्या घरातही एखादी बहिणाबाई असेल. तिला बसायला घटका मिळाली तर काय बोलेल, कोणास ठाऊक.

मग करावे काय? भरीत सोडावे? मुळीच नाही. आपल्या संप्रदायात उत्तर आधीच दिलेले आहे. जनाबाईच्या जात्याला देवाने हात लावला, ही कथा आपण कितीदा ऐकतो! देवाने जनीला 'दळू नकोस' असे सांगितले नाही, की नुसता कौतुकाने पाहात उभाही राहिला नाही. तो खाली बसला आणि त्याने खुंटा धरला. मग आपल्या घरच्या वांग्यांना आपण हात लावला तर कोणता कमीपणा येतो? काड्या आणाव्या, वांगी भाजावी, सोलावी, बडगीत ठेचावी. भरीत हा तर मळ्यात गडीमाणसांनी करायचा पदार्थ; एरवी मळ्यात चालते ते घरात का चालू नये? आई, पत्नी, सून यांना आधी वाढावे आणि मग आपण बसावे. मळ्यातल्या गड्याला ताट धाडावे.

पुस्तकाचेही असेच. भाकरी वाटली तर अर्धी होते, पोथी वाटली तर वाढते. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवार, अठरा अध्याय. तेथे ना गोधडीचे सुख, ना भरताचे. साने गुरुजींनी ती प्रवचने टिपून घेतली, आणि 'गीता प्रवचने' घरोघर गेली. त्या कैद्यांना रविवारचे जे सुख मिळाले ते एकाने बोलावे, अनेकांनी ऐकावे आणि एकाने इतरांसाठी लिहून ठेवावे, अशा रीतीने मिळाले. आपणही थंडीच्या रात्री एकट्याने पान उलटण्याऐवजी मोठ्याने वाचावे. ज्या म्हातारीला दिसत नाही ती ऐकेल. जी भांडी घासते आहे तिला म्हणावे, "भांडी मी घासतो, तुम्ही आज वाचा." वाचता येत नसेल तर तिने बसून ऐकावे, एवढे तरी व्हावे.

तात्पर्य, सुखाला भ्यावयाचे कारण नाही. तीन गोष्टी पाहाव्या : ते श्रमामागून आले आहे काय, वेळ आली तर ते सोडता येते काय, आणि ज्या हातांनी ते आपल्यापर्यंत आले त्या हातांपर्यंत ते परत पोचते काय. पहिल्या दोन गोष्टी पुष्कळांना साधतात. तिसरीत आपण बहुतेक जण कमी पडतो, म्हणून हा लेखनप्रपंच. यंदाच्या थंडीत जेव्हा घरी भरीत होईल, तेव्हा ताटावर बसण्यापूर्वी एकदा चुलीकडे पाहावे, आणि तेथे कोणी उभे असेल तर उठून तिची जागा घ्यावी.

रामकृष्णहरि.